टाकीचा रिले टकटकतोय : कंपॅरेटरला हिस्टेरिसिस द्यावा की सरळ लॅच लावावा?

पोफळीची_सावली (१८ जुलै, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. गुहागरला आमचं जुनं घर आणि मागे आगर आहे. घराच्या माळ्यावर सिमेंटची टाकी, आतून एक मीटर खोल, ९५ सेंमीला ओव्हरफ्लोचा पाइप. खाली विहिरीवर अर्धा एचपीचा मोनोब्लॉक पंप. आई एकटी असते, तिला दर वेळी पडवीतून जाऊन स्विच दाबायला लागू नये म्हणून मी स्वतःच एक सर्किट केलं. टाकीत तळापर्यंत एक नळी सोडली, नळीच्या वरच्या टोकाला एमपीएक्स ५०१० प्रेशर सेन्सर, त्याचं आउटपुट एलएम३९३ ला (हा कंपॅरेटर, दोन व्होल्टेजमधलं कुठलं जास्त ते सांगणारा आयसी), तिथून ट्रान्झिस्टर आणि पंप चालू-बंद करणारा रिले. टेबलावर बादलीत झकास चाललं. टाकीवर लावल्यावर मात्र पाणी ठरलेल्या लेव्हलला आलं की रिले टक टक टक टक करत बसतो, पंप घुं घुं करून उठतो परत बसतो, दोन दिवसांत रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडले. मल्टीमीटरवर सेन्सरचं व्होल्टेज ०.२ व्होल्टने नाचताना दिसतं, वरून धार पडते ना त्यामुळे लाटा होतात.

कुठेतरी वाचलं म्हणून आउटपुटपासून प्लस पिनला १ मेगचा रेझिस्टर लावला. थोडा फरक पडला, पण टकटक आहेच. गणपतीला वीसेक माणसं घरात असतील, त्याआधी हे निस्तरायचंय. काय करू?

सोल्डरगन (१८ जुलै, रात्री १०:१५)

प्लस पिनवरचा डिव्हायडर (संदर्भाचं व्होल्टेज ठरवणारे दोन रेझिस्टर) किती ओहमचा आहे ते सांगा आधी. आणि १२ व्होल्ट कुठून घेतलेत?

पोफळीची_सावली (१८ जुलै, रात्री १०:३१)

२० के आणि २० के, म्हणजे समांतर धरले तर १० के. १२ व्होल्ट सेट टॉप बॉक्सचा जुना ॲडॅप्टर पडला होता त्यातून, सेन्सरचे ५ व्होल्ट ७८०५ मधून.

सोल्डरगन (१८ जुलै, रात्री ११:०२)

मग हिशोब सरळ आहे. १२ व्होल्टचा झोका, १० के ला १ मेग, म्हणजे हिस्टेरिसिस (चालू आणि बंद होण्याच्या दोन लेव्हलमधलं अंतर) साधारण ०.१२ व्होल्ट. तुमचा सेन्सर एका किलोपास्कलला ०.४५ व्होल्ट देतो आणि एक मीटर पाण्याचा दाब ९.८ किलोपास्कल, म्हणजे तुम्ही जेमतेम २.७ सेंमीचा हिस्टेरिसिस दिलाय आणि लाट आहे साडेचार सेंमीची. टकटकणारच. शिवाय टाकीला लाटेपुरता हिस्टेरिसिस नकोच असतो हो, टाकी तळाला गेल्यावर पंप लागावा आणि भरल्यावर बंद व्हावा असंच हवं ना? म्हणजे २५ सेंमीला चालू, ९० ला बंद. सेन्सरवर ते होतात १.३० आणि ४.१७ व्होल्ट. एवढं अंतर हवं तर १ मेगच्या जागी ३३ के लावा आणि डिव्हायडर बदलून १.६९ व्होल्टवर आणा, समांतर १० के च राहू दे. २५ सेंमीला चालू, ८८ ला बंद. झालं.

वायरमनचा_पोर (१९ जुलै, सकाळी ७:१०)

एवढा उद्योग कशाला, दोन फ्लोट (पाण्यावर तरंगणारे स्विच) टाका आणि मोकळे व्हा 😀

मास्तर_निवृत्त (१९ जुलै, दुपारी १२:२०)

सोल्डरगन यांचं गणित बरोबर आहे, पण ॲडॅप्टर रेग्युलेटेड आहे का ते विचारायचं राहिलं. आपल्याकडे रात्री लोड उतरला की लाइनचं व्होल्टेज किती चढतं ते काही वेगळं सांगायला नको. साधा ट्रान्सफॉर्मरवाला ॲडॅप्टर असेल आणि १२ चे १३.५ झाले तर काय होईल बघा. डिव्हायडर १२ वरून आहे, फीडबॅकही १२ वरून आहे, त्यामुळे वरची लेव्हल ४.०९ वरून ४.६ व्होल्टला जाते. सेन्सरच्या भाषेत ती होते जवळजवळ १०० सेंमी. यांचा ओव्हरफ्लो ९५ ला. म्हणजे रात्री पंप सुरू झाला तर तो बंदच होणार नाही, सकाळी माळ्यावरून पाणी खाली देवघरात.

दुसरं म्हणजे या पद्धतीत वरची आणि खालची लेव्हल एकमेकांत गुंतलेल्या असतात. एलएम३९३ चं आउटपुट ओपन कलेक्टर, म्हणजे ते फक्त खाली ओढतं, वर न्यायला पुलअप रेझिस्टर लावता तोही फीडबॅकच्या रेझिस्टरमधे मिळतो. एक रेझिस्टर बदलला की दोन्ही हलतात. आयुष्यभर पोरांकडून प्रॅक्टिकलमधे हे करून घेतलंय, अर्धा तास एक लेव्हल सेट करतात आणि दुसरी सेट करताना पहिली बिघडवतात.

मी असतो तर दोन कंपॅरेटर आणि एक लॅच घेतला असता. लॅच म्हणजे आपली दाराची कडी हो, एकाने लावली की दुसरा काढेपर्यंत लागलेली. एक कंपॅरेटर फक्त एवढंच बघतो की पाणी खालच्या खुणेच्या खाली गेलं का, गेलं की लॅच सेट. दुसरा बघतो वरच्या खुणेच्या वर गेलं का, गेलं की रीसेट. मधल्या पट्ट्यात दोघंही गप्प, लॅचला जे आठवतं तेच चालू. लाट कितीही नाचो, सेट झालेल्याला पुन्हा पन्नास वेळा सेट केलं तरी तो सेटच.

पोफळीची_सावली (१९ जुलै, रात्री ८:५०)

मास्तर, हे एकदम डोक्यात बसलं. ॲडॅप्टर तपासला, साधाच आहे, आत्ता १३.१ दाखवतोय 😟 एलएम३९३ मधे दोन कंपॅरेटर असतातच, एक मी फुकट सोडला होता. लॅचला कुठला आयसी घेऊ?

मास्तर_निवृत्त (१९ जुलै, रात्री ९:३५)

सीडी४०४३. त्यात चार एसआर (सेट-रीसेट) लॅच असतात, तुम्हाला एक पुरे. ३ ते १५ व्होल्टवर चालतो म्हणजे १२ ला काही अडचण नाही. एलएम३९३ लाही १२ च द्या, ५ देऊ नका. कारण त्याच्या इनपुटची धाव सप्लायच्या दीड व्होल्ट खालपर्यंतच, ५ वर चालवलात तर साडेतीनच्या वर तो भरवशाचा नाही आणि तुमची वरची लेव्हल ४ च्या पुढे आहे.

संदर्भाचे व्होल्टेज मात्र सेन्सरच्याच ५ व्होल्टमधून काढा. ५ व्होल्टपासून ग्राउंडपर्यंत तीन रेझिस्टरची शिडी, वरून खाली १.८ के, ५.६ के, २.७ के. वरच्या जोडावर ४.११ मिळतात, खालच्यावर १.३४. पाण्याच्या हिशोबात साधारण ८९ आणि २६ सेंमी. हा सेन्सर सप्लायच्या प्रमाणात आउटपुट देतो, त्यामुळे ५ चे ४.८ झाले तरी सेन्सर आणि शिडी दोघं बरोबरच उतरतात, लेव्हल जागच्या जागी. सोल्डरगन यांच्या सर्किटमधे (त्यालाच श्मिट ट्रिगर म्हणतात) फीडबॅक १२ वरून येतो म्हणून ही सोय हातची जाते.

जोडणी: सेन्सर पहिल्याच्या प्लसला, ४.११ त्याच्या मायनसला, आउटपुट रीसेटला. १.३४ दुसऱ्याच्या प्लसला, सेन्सर मायनसला, आउटपुट सेटला. दोन्ही आउटपुटना १० के पुलअप १२ ला. आणि ४०४३ ची पिन ५ एनेबल आहे ती हायला बांधा, नाहीतर आउटपुट अधांतरी तरंगतं आणि माणूस दोन दिवस ट्रान्झिस्टर बदलत बसतो. उरलेल्या लॅचचे इनपुट ग्राउंडला.

आंबेवाला_देवगड (१९ जुलै, रात्री १०:०५)

वाचतोय. माझा प्रॉब्लेम उलटा आहे, टाकीचा नाही विहिरीचा. नंतर लिहितो, लाइट जातायत.

चाकरमानी_डोंबिवली (२० जुलै, सकाळी ९:०५)

४०४३ तुम्हाला चिपळूणला रत्नागिरीला मिळेल असं वाटत नाही, मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पाठवू शकतो. पण मला एक सांगा, दोन कंपॅरेटर, एक लॅच, ५ व्होल्टपासून तीन रेझिस्टरची शिडी… अहो हे सगळं तर ५५५ नावाच्या आयसीच्या पोटात आहे! तीन ५ के, दोन कंपॅरेटर, मधे फ्लिपफ्लॉप, म्हणजे लॅचच. हान्स कामेनझिंडने १९७१ मधे सिग्नेटिक्ससाठी डिझाइन केला, १९७२ ला बाजारात आला, आपण सगळे त्याला टायमर टायमर म्हणून एलईडी लुकलुकवत बसलो.

पिन २ वर एक तृतीयांशाच्या खाली गेलं की आउटपुट हाय, पिन ६ वर दोन तृतीयांशाच्या वर गेलं की लो. ५५५ ला सेन्सरचेच ५ व्होल्ट द्या, मग लेव्हल १.६७ आणि ३.३३. पिन २ ला सेन्सर थेट, म्हणजे पंप ३३ सेंमीला चालू होईल, २५ ऐवजी ३३ ने काय बिघडतंय. पिन ६ ला पॉटमधून (फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरमधून) ०.८ पट करून, म्हणजे सेन्सर ४.१७ ला गेला की पिनवर ३.३३, पंप ९० ला बंद. पॉट १०० के चा घ्या, हा सेन्सर फार करंट देऊ शकत नाही. एक आयसी, एक पॉट, गुहागरच्या कुठल्याही रेडिओवाल्याकडे पडलेला असेल.

पोफळीची_सावली (२० जुलै, सकाळी ९:३०)

आईशप्पथ.

सोल्डरगन (२० जुलै, सकाळी ११:४५)

भारी आहे, मानलं. माझा श्मिट मागे घेतो, निदान या ॲडॅप्टरवर तरी 🙂

इलेक्ट्रॉन_ताई (२० जुलै, रात्री १०:४०)

मूळची रत्नागिरीची, आता पुण्यात चिप डिझाइनमधे. धागा मस्त चाललाय, फक्त एक गल्लत होऊ नये म्हणून लिहिते, कारण कॉलेजची मुलं हे शोधत आली तर गोंधळतील. ‘लॅच्ड कंपॅरेटर’ नावाची वेगळी गोष्ट असते. एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या सर्किटच्या) आत जे कंपॅरेटर असतात त्यात दोन इन्व्हर्टर (घरातले नव्हे, हायचं लो आणि लोचं हाय करणारे गेट) एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसवलेले असतात, क्लॉक आला की इनपुटमधला मिलीव्होल्टचा फरक ते घातांकाने वाढवत नेतात आणि एका बाजूला कोसळतात. तिथे हिस्टेरिसिस हवा म्हणून लॅच नसतो, उलट मागच्या निर्णयाची आठवण राहिली तर तो दोष धरतात, म्हणून दर क्लॉकला आम्ही तो लॅच पुसून कोरा करतो. तुमच्या टाकीला आठवण हवीय, आमच्या एडीसीला ती नकोय, आणि दोन्हीकडे शब्द एकच.

मधली जातसुद्धा आहे. एडीसीएमपी६०१ सारख्या वेगवान कंपॅरेटरमधे लॅच आणि हिस्टेरिसिस यांना एकच पिन असते. ती पिन खाली ओढली की निर्णय गोठतो, आणि तिथून ग्राउंडला रेझिस्टर लावला तर तेवढा हिस्टेरिसिस मिळतो. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा विचित्र वाटलेलं, मग कळलं की आत एकच पॉझिटिव्ह फीडबॅक आहे, कमी दिला तर हिस्टेरिसिस, पूर्ण दिला तर लॅच.

म्हणून श्मिट विरुद्ध लॅच असं भांडण खरं तर नाहीचे. श्मिट ट्रिगर त्याच्या दोन लेव्हलच्या मधे असतो तेव्हा तो लॅचच असतो. फरक एवढाच की त्याच्या दोन्ही लेव्हल त्याच्याच आउटपुटमधून तयार होतात आणि तुम्ही त्या बाहेर काढून वेगळ्या ठेवताय.

मास्तर_निवृत्त (२१ जुलै, सकाळी ६:५०)

ताई, शेवटचं वाक्य वहीत लिहून घेतलं. तीस वर्षं हे शिकवलं, इतकं थोडक्यात कधी सांगता आलं नाही.

वायरमनचा_पोर (२१ जुलै, दुपारी १:३०)

आता गंभीरपणे लिहितो, परवा गंमत केली होती. माझे बाबा वायरमन होते, त्यांना लॅच हा शब्द माहीत नव्हता पण त्यांनी आयुष्यात शेकडो लॅच बसवले. पंपाचा स्टार्टर बघा. हिरवं बटण दाबलं की कॉन्टॅक्टर (म्हणजे मोठा रिले) ओढतो आणि त्याचाच एक कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाला समांतर लागतो, म्हणून बोट काढलं तरी चालू राहतं. लाल बटण सिरीजमधे, दाबलं की तुटतं. हिरवं म्हणजे सेट, लाल म्हणजे रीसेट. खालचा फ्लोट हिरव्याला समांतर, वरचा फ्लोट लालला सिरीजमधे, झाला तुमचा हिस्टेरिसिस, एकही आयसी नाही.

आणि यात एक गोष्ट आहे जी तुमच्या ५५५ मधे नाही. लाल आणि हिरवं दोन्ही एकदम दाबलं तर स्टार्टर बंद राहतो, लाल जिंकतं. ५५५ मधे कोण जिंकतं?

(फ्लोट टाकीत सोडताना त्यावर २३० खेळवू नका, १२ किंवा २४ व्होल्टच्या कॉइलचा रिले मधे घ्या. टाकीत हात घालणारी माणसं घरातलीच असतात.)

चाकरमानी_डोंबिवली (२१ जुलै, दुपारी २:१५)

५५५ मधे पिन २ जिंकते. म्हणजे हिरवं. पण दोन्ही एकदम कशाला येतील, पाणी एकाच वेळी खाली आणि वर कसं असेल?

वायरमनचा_पोर (२१ जुलै, दुपारी २:४०)

पाणी नसेल हो, पण नळी उंदराने कुरतडली तर? सेन्सरला दाब शून्य, आउटपुट ०.२ व्होल्ट, सर्किटला वाटतं टाकी रिकामी, पंप चालू, टाकी वाहतेय, पंप चालूच. माळ्यावर उंदीर नाहीत असं कोकणातलं एक घर दाखवा.

इलेक्ट्रॉन_ताई (२१ जुलै, रात्री ९:१०)

अगदी बरोबर मुद्दा. ४०४३ मधेही सेट जिंकतो आणि ४०४४ मधे रीसेट, पण इथे दोन्ही इनपुट एकाच खोट्या सेन्सरवरून येतायत म्हणून कुणीही जिंकलं तरी उपयोग नाही. वरती एक वेगळा साधा फ्लोट हवा जो रिलेच्या कॉइलला सिरीजमधे असेल, लॅचला न विचारता तोडणारा. ५५५ ची रीसेट पिन ४ सुद्धा सगळ्यांच्या वर आहे, तिथेही चालेल, पण मला कॉइलमधलाच जास्त आवडेल, मधे आयसीच नको.

पोफळीची_सावली (२१ जुलै, रात्री १०:००)

मान्य. ९३ सेंमीला एक फ्लोट लावतो. आणि लाइट गेली की काय? आमच्याकडे पावसात दिवसातून चार वेळा जाते. लॅच विसरणार ना?

मास्तर_निवृत्त (२२ जुलै, सकाळी ७:०५)

विसरतो, आणि परत आल्यावर मधल्या पट्ट्यात कुठल्या बाजूला उठेल ते देव जाणे. वायरमनच्या पोराचा स्टार्टर याही बाबतीत शहाणा, लाइट गेली की तो सुटतोच. तुम्हीही तसंच करा, लाइट आल्यावर मधे असेल तर बंद, तळाला असेल तर चालू. ५५५ च्या पिन ४ ला ५ व्होल्टपासून १०० के आणि ग्राउंडला १० मायक्रोफॅरड, क्षणभर रीसेट धरून ठेवेल, मग सोडेल. तोवर पाणी तळाला असलं तर पिन २ आपोआप चालू करेल.

या निमित्ताने अजून एक, लॅचचा हा दुर्गुण कुणी लिहिला नाही. तो जशी चांगली आठवण ठेवतो तशी वाईटही ठेवतो. शेजाऱ्याचा पंप सुरू झाला, वीज कडाडली, वायरमधून एक काटा आला मायक्रोसेकंदाचा, तर साधा कंपॅरेटर क्षणभर चुकून परत जागेवर येतो. लॅच मात्र तो काटा पकडून बसतो आणि भर दुपारी पंप सुरू करतो. म्हणून सेन्सर आणि पिन २ व ६ च्या मधे फिल्टर पाहिजेच, ५५५ च्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरड, पिन ५ ला ०.०१, रिलेच्या कॉइलला उलटा डायोड. टाकी भरायला अर्धा तास लागतो, तिथे एक सेकंद उशिरा कळलं तर कुणाचं काय जातंय, मोठा फिल्टर लावा.

सोल्डरगन (२२ जुलै, सकाळी ११:२०)

मग नुसता मोठा फिल्टर लावला आणि लॅच नाही लावला तर? लाट गाळली गेली की टकटक संपेल ना?

मास्तर_निवृत्त (२२ जुलै, दुपारी १२:००)

टकटक संपेल, मग टक… टक होईल. पाणी इतकं सावकाश चढतं की गाळूनही उरलेल्या चिमूटभर नॉइजमधे ते एका लेव्हलजवळ बराच वेळ रेंगाळतं. आणि समजा ते नाही झालं तरी घरात कुणी तांब्याभर पाणी घेतलं की पंप लागणार. फिल्टर लाटेसाठी, हिस्टेरिसिस पंपासाठी. दोन वेगळी कामं आहेत.

आंबेवाला_देवगड (२४ जुलै, रात्री ८:३०)

आता माझं. कलमांना उन्हाळ्यात पाणी देतो, विहीर जांभ्यात खणलेली. मे महिन्यात पाणी फुटव्हॉल्व्हपाशी (पंपाच्या पाइपच्या तळाच्या झडपेपाशी) येतं, पंप हवा ओढायला लागतो. कंपॅरेटर लावला की पाणी खाली गेलं की पंप बंद. तर पंप बंद झाला की पाच मिनिटांत झऱ्याने हातभर पाणी चढतं, सर्किटला वाटतं आलं पाणी, परत चालू, तीन मिनिटांत परत बंद. दिवसभर हाच खेळ. मोटर गरम होऊन गेल्या वर्षी रिवाइंड केली.

सोल्डरगन (२४ जुलै, रात्री ९:००)

हा खरा हिस्टेरिसिसचा पेशंट. टाकीत लाट वरून येते, तुमच्याकडे पंप स्वतःच पाणी खाली ओढतो आणि सोडला की ते वर येतं, म्हणजे गडबड पंपच करतोय. इथे अंतर सेंमीत नाही, दोन हात पाहिजे. फुटव्हॉल्व्हच्या वर अर्धा हात आला की बंद, आणि दोन अडीच हात चढल्याशिवाय परवानगीच नाही. इतकं अंतर एका फीडबॅक रेझिस्टरवर नीट बसवणं कठीण, इथे लॅचच. मी बदललो बघा.

मास्तर_निवृत्त (२४ जुलै, रात्री ९:२५)

तुम्ही ४०४३ घ्या आणि एलएम३९३ च्या जागी एलएम३३९, त्यात चार कंपॅरेटर. दोन टाकीला दोन विहिरीला, लॅच दोन वापरले दोन शिल्लक. दोन्हींचं आउटपुट एकाखाली एक लावलेल्या दोन ट्रान्झिस्टरना द्या, टाकी ‘हवंय’ म्हणाली आणि विहीर ‘घे’ म्हणाली तरच रिले ओढेल.

चाकरमानी_डोंबिवली (२४ जुलै, रात्री ९:४०)

उद्या लॅमिंग्टन रोडला जातोच आहे, दोघांचं पार्सल एकदम करतो. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा, इथे लिहू नका.

इलेक्ट्रॉन_ताई (२४ जुलै, रात्री १०:१५)

पावसाळी हवेबद्दल एक. १ मेगसारखे मोठे रेझिस्टर शक्यतो टाळा. खारी दमट हवा आणि बोर्डवर राहिलेला फ्लक्स मिळून तेवढ्याच ओहमची गळती स्वतःच तयार करतात, मग लेव्हल पावसात एक आणि हिवाळ्यात एक. बोर्ड स्पिरिटने धुवा, सुकवा, दोन हात वार्निश मारा. पॉट एकदा जुळला की मोजून तेवढे फिक्स रेझिस्टर लावा, समुद्राकाठी पॉटचा घासणारा कॉन्टॅक्ट वर्षभरात खरखरायला लागतो.

वायरमनचा_पोर (२५ जुलै, सकाळी ७:३०)

आणि डब्याला वायरच्या भोकात रबर घाला, नाहीतर पाल आत जाते. कॉन्टॅक्टरमधे चिकटून मेलेल्या पाली मी इतक्या काढल्यात की विचारू नका.

सोल्डरगन (४ ऑगस्ट, रात्री ९:५०)

थोडं अवांतर. हा श्मिट म्हणजे ऑटो श्मिट, अमेरिकन. १९३४ मधे विद्यार्थी असतानाच त्याने हे सर्किट काढलं, तेव्हा ट्रान्झिस्टर कुठले, व्हॅक्यूम ट्यूबवर. आणि ते सुचलं कशावरून, तर स्क्विडच्या नसेतून संदेश कसा जातो त्याचा अभ्यास करताना. नस एका मर्यादेपर्यंत ढिम्म, ती ओलांडली की एकदम पेटते. स्क्विड म्हणजे आपलं माकूल. म्हणजे माकलाची नस बघून कंपॅरेटर शिकले लोक.

मालवणी_माणूस (४ ऑगस्ट, रात्री १०:२०)

माका ह्या सर्किटातला काय एक कळणा नाय, पण माकूल कळता. श्रावण चालू आसा आणि तुमी माकलाची आठवण कित्याक काढतास?? 😭

पोफळीची_सावली (४ ऑगस्ट, रात्री १०:२४)

😂😂

पोफळीची_सावली (गणपती विसर्जनानंतर, रात्री ८:१०)

मंडळी, उशिरा लिहितोय, घर आत्ता रिकामं झालं. ५५५ वालंच केलं. पिन २ थेट (फिल्टरमधून), पिन ६ ला पॉट, आता त्याजागी फिक्स रेझिस्टर. आउटपुट ट्रान्झिस्टरला, कारण ५ व्होल्टवर ५५५ च्या आउटपुटला सव्वातीनच मिळतात, रिले थेट ओढत नाही हे मी एक संध्याकाळ वाया घालवून शिकलो. पिन ४ ला मास्तरांचा आरसी (रेझिस्टर आणि कपॅसिटर). टाकीत फ्लोट, कॉइलला सिरीजमधे.

पहिले पंधरा दिवस एकदम शिस्तीत, दिवसातून दोनदा पंप लागायचा, अर्धा तास चालून बंद. टकटक हा प्रकार नाही. मग गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवत होते, मी सहज वर गेलो तर टाकी ९३ ला आणि ५५५ चं आउटपुट अजून हाय, म्हणजे त्याच्या मते पंप चालू. पंप बंद होता तो फ्लोटमुळे. सेन्सर ४ व्होल्टच दाखवत होता. नळी उंदराने वगैरे कुरतडलेली नव्हती. बराच वेळ शोधून कळलं की नळीतली हवा थोडी थोडी पाण्यात विरघळते, पाणी नळीत वर सरकतं आणि सेन्सरला दाब कमी दिसतो. टाकी रिकामी करून नळी परत कोरडी केली की लेव्हल जागेवर.

एक अजून. फ्लोटने तोडलं की लॅच सेटच राहतो, त्यामुळे पाणी दोन सेंमी उतरलं की फ्लोट खाली येतो आणि पंप परत लागतो. म्हणजे फ्लोटवर चालताना पुन्हा माझी टकटक, फक्त जरा सावकाश 😅

इलेक्ट्रॉन_ताई (त्याच रात्री ९:००)

तो फ्लोट दुहेरी कॉन्टॅक्टचा घ्या. एक कॉइल तोडेल, दुसरा पिन ४ खाली ओढून लॅचही पुसेल. मग पंप परत तळाशी गेल्यावरच लागेल. आणि नळीच्या खालच्या टोकाला उपडी वाटी लावा, तोंड खाली. हवेचा साठा मोठा झाला की तीच गळती लेव्हलमधे फार कमी दिसते.

पोफळीची_सावली (त्याच रात्री ९:१२)

वाटी! आईची एक स्टीलची आहे, विचारतो. म्हणजे विचारत नाही, घेतो.

वायरमनचा_पोर (त्याच रात्री ९:४०)

शेवटी वाचवलं कुणी? फ्लोटने. नोंद असावी.

आंबेवाला_देवगड (तीन आठवड्यांनी, दुपारी ३:३०)

पार्सल कधीच आलं होतं, डोंबिवलीकरांचे आभार, पावसात हात लावला नव्हता. आता बोर्ड केला. एलएम३३९ ची चारही आउटपुट बरोबर हलतायत, सेटला १२ व्होल्ट येतात, रीसेटला येतात, पण लॅचच्या आउटपुटला कधी ३ कधी ७, बोट जवळ नेलं की बदलतं. दोन ट्रान्झिस्टर बदलून झाले, आयसीही दुसरा लावून बघितला. काय चुकतंय?

मास्तर_निवृत्त (दुपारी ३:४५)

पिन ५ हायला आहे?

आंबेवाला_देवगड (दुपारी ३:५८)

नव्हती.